चौदा नंबरचं गाऱ्हाणं

लष्कराच्या मंडळात आठ खुर्च्या होत्या आणि त्या खुर्च्यांची वही माझ्याकडे होती. कोण कुठल्या तारखेला कुठल्या खुर्चीत बसला, कधी उठला, रजेवर गेला तेव्हा त्याच्या जागी कोण टेकला, हे सगळं त्या वहीत. मंडळाचंच नव्हे, खालच्या जिल्ह्यांच्या कमांडरांचंही. लष्करात हुकूम खुर्चीचा असतो. सही खरी की खोटी हे ठरवायचं तर त्या दिवशी त्या खुर्चीत कोणाचं बूड होतं, ते आधी पाहावं लागतं. माझी अकरा वर्षं हीच बुडं मोजण्यात गेली होती, आणि मला त्याचा कंटाळा आलेला नव्हता.

आठांतले चार मुलकी, चार जनरल. मंत्री अध्यक्ष. ते टेबलाच्या डोक्याशी, शेकोटीकडे पाठ करून बसत, त्यामुळे बैठकीत सगळ्यात आधी त्यांनाच पेंग यायची. मुलकी मंडळी खिडकीच्या बाजूला, जनरल भिंतीच्या बाजूला. जनरलांत एक माणसांचा, म्हणजे भरती, बढती, शिक्षा, रजा. एक सामानाचा, म्हणजे बूट, बोटी, बिस्किटं. एक शस्त्रांचा. आणि तिघांच्या वर सरसेनापती. त्यांच्या हुद्द्यांची खरी नावं लांबलचक होती. आमच्या सचिवांच्या खोलीत एवढा वेळ कोणाला होता! बैठक महिन्यातून एकदा, बुधवारी. तिचं इतिवृत्त आम्ही मंगळवारी संध्याकाळीच लिहून ठेवायचो, आणि बुधवारी मंडळी बहुधा त्याप्रमाणेच बोलायची.

मंडळाचं दुसरं काम गाऱ्हाण्यांचं. कुठल्याही शिपायाला अन्याय झाला असं वाटलं, तर तो आपल्या पलटणीच्या प्रमुखाकडे, तिथून ब्रिगेडकडे, तिथून माणसांच्या जनरलकडे आणि शेवटी मंडळाकडे दाद मागू शकत असे. मंडळाच्या वर कोणी नाही. अर्थात एका शिपायासाठी आठ जण कुठले बसायला! पाळीपाळीने दोघं मंडळाच्या नावाने निकाल द्यायचे, एक मुलकी, एक जनरल. फाईल आधी धाकट्याकडे जायची, म्हणजे थोरल्याचं मत वाचून त्याने मान डोलावू नये. तो पुढच्या कागदावर एक ओळ लिहून सही करायचा, मग थोरला. दोन सह्या जुळल्या की निकाल पक्का. दुपारच्या टपालाने पत्र रवाना, आणि तो विषय परत कधी उघडायचा नाही.

त्या पुढच्या कागदावर पहिलीच ओळ अशी असायची: 'या प्रकरणाशी माझा पूर्वीचा संबंध'. तिच्यापुढे 'नाही' हा शब्द आम्हीच आधी टाईप करून ठेवायचो. माझ्या काळात तिथे कोणी दुसरं काही लिहिलंच नव्हतं. एकदा एका साहेबांनी ती जागा रिकामी सोडली आणि फाईल नऊ दिवस अडकली. तेव्हा सचिव लिडगेटसाहेब म्हणाले, "टाईपच करून टाका, हेस्टर. त्यांचा वेळ वाचेल." वेळ वाचू लागला.

नोव्हेंबरातला तो गुरुवार होता. सकाळी नऊला मी आत शिरले तर दारवान टॉमलिन म्हणाला, "मिसेस प्लमर, तुमचं एक गिऱ्हाईक आठपासून बसलंय. जा म्हटलं तर जात नाही, चहा घे म्हटलं तर घेत नाही."

हरकाऱ्यांच्या बाकावर एक रुंद खांद्यांचा माणूस बसला होता. तपकिरी सूट, टाय गळ्याला काचेल इतका घट्ट. मला बघून उभा राहिला.

"स्टाफ सार्जंट प्रोबर्ट, बाई. इद्रिस प्रोबर्ट. माझ्या कागदाचं आज होणार असं ऐकलं."

"पत्र तुमच्या पलटणीत येईल, मिस्टर प्रोबर्ट. इथे हातात द्यायची पद्धत नाही."

"पलटणीत मी उद्या दुपारी बारापर्यंतच आहे, बाई. मग मी कोणाचाच नाही." त्याच्या वेल्श बोलीत हे तक्रारीसारखं वाटलं नाही, आगगाडीची वेळ सांगावी तसं वाटलं. "बसू द्या. मला बसायची सवय आहे."

मी 'बरं' म्हणून वर गेले. त्याचं प्रकरण मला पाठ होतं. चौदा नंबरची फाईल मीच लावली होती. दीड वर्षापूर्वी, नऊ मार्चला, पश्चिम जिल्ह्यातल्या सरावात त्याच्या तुकडीने पूर आलेली नदी तराफ्यावरून ओलांडली. तराफा उलटला. कॉलिन यार्वूड नावाचा एकोणीस वर्षांचा लान्स कॉर्पोरल बुडाला. अशा वेळी खालच्या अंगाला बचावाच्या दोन बोटी उभ्या असाव्या लागतात. त्या दिवशी एकही नव्हती. प्रोबर्टचं म्हणणं, सकाळी साडेसहाला मी फोन करून बोटी मागितल्या, तेव्हा 'वरून हुकूम आला, काढून घेतल्या' असं उत्तर मिळालं, आणि सराव थांबवू नका असंही सांगितलं. चौकशी समितीने कागद धुंडाळले आणि लिहिलं, 'असा कोणताही हुकूम आढळला नाही.' मृत्यूला जबाबदार प्रोबर्ट, असा शेरा त्याच्या नोंदीत बसला. समितीचा निष्कर्ष यार्वूडच्या आईलाही कळवण्यात आला. तिने प्रोबर्टला एकच पत्र पाठवलं होतं. ते त्याने फाईलला जोडलं होतं, आणि ते मी दुसऱ्यांदा वाचलं नाही.

पेन्शन नाही, बढती नाही. त्याला फक्त ती ओळ खोडून हवी होती.

साडेनऊला मी दुसरंच काम हातात घेतलं. पार्लमेंटात कोणीतरी प्रश्न विचारला होता की लष्कराने गेल्या तीन वर्षांत गावोगावच्या संस्थांना काय काय मदत दिली. जिल्ह्याजिल्ह्यांतून याद्या आल्या होत्या. पुलासाठी जवान, जत्रेसाठी तंबू, घोड्यांच्या प्रदर्शनासाठी बँड. माझं काम एवढंच, प्रत्येक मंजुरीसमोरचा अधिकारी त्या दिवशी खरंच त्या खुर्चीत होता का, ते वहीशी ताडून पाहायचं. कंटाळवाणं काम. मला आवडायचं.

पश्चिम जिल्ह्याच्या यादीत सदतिसावी ओळ: 'शहरातील वल्ह्यांच्या शर्यती. मोटरबोटी दोन, खलाशांसह. नऊ मार्च. मंजुरी: जिल्हा कमांडर.'

नऊ मार्च.

वर्षही तेच. मी वही उघडली. पश्चिम जिल्ह्याचे कमांडर चार ते अठरा मार्च ऑस्ट्रियात बर्फावर घसरायला गेले होते. त्या दोन आठवड्यांपुरते खुर्चीत: ब्रिगेडियर एल. गार्स्टँग.

माझ्या हातातली पेन्सिल टेबलावरून घरंगळली ती मी उचलली नाही. एल. गार्स्टँग म्हणजे लायनेल गार्स्टँग. पुढे दोनदा बढती मिळून सर लायनेल. आमचा सामानाचा जनरल. आणि या महिन्यात गाऱ्हाण्यांची पाळी त्यांचीच होती.

हुकूम होता. समितीने तो सरावाच्या कपाटात शोधला, कारण अपघात सरावात झाला होता. तो पडला होता शर्यती, जत्रा, तंबूंच्या कपाटात. अशी चूक फक्त आमच्याकडेच होऊ शकते. प्रत्येक कागद अगदी जागच्या जागी असतो आणि म्हणूनच सापडत नाही.

मी यादी आणि वही घेऊन लिडगेटसाहेबांच्या टेबलाशी गेले. ऑब्री लिडगेट एकतीस वर्षं या इमारतीत होते, आणि वसंतात निवृत्त होऊन गुलाब लावणार होते.

"चौदा नंबर कुठंय, साहेब?"

"कुठं असणार? मुलकी साहेबांनी काल नाकारून सही केली, संध्याकाळी सामानाच्या जनरलकडे गेली. का, तुमच्या चहाचा डाग राहिला का त्यावर?"

मी ओळीवर बोट ठेवलं, मग वहीवर. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ओळ काही बदलली नाही.

"हेस्टर, हे तुम्ही मला दाखवायला नको होतं."

"मग कोणाला दाखवू? टॉमलिनला?"

"जनरलचा संबंध आहे हे सचिवाने सांगायचं नसतं. जनरलने स्वतःहून सांगायचं असतं."

"आणि ते विसरले असतील तर?"

"विसरायचा हक्क हुद्द्याबरोबर मिळतो त्यांना." ते उठून दार लावून आले. आवाज खाली आला. "बरं, समजा आपण फाईल परत मागवली. दुसरा जनरल आणा बघू. सरसेनापती नॉर्वेत, बर्फात. शस्त्रांचे जनरल पित्ताशयाचा खडा काढून घेतायत. माणसांच्या जनरलने खालच्या पायरीवर हेच गाऱ्हाणं फेटाळलंय, त्यांना परत बसता येत नाही. राहिलं कोण?"

"कोणी नाही."

"आणि उद्या बारा वाजता तुमच्या त्या माणसाची बावीस वर्षं भरतात. बारा वाजून एक मिनिटाने तो साधा नागरिक. नागरिकाला इथे गाऱ्हाणं मांडता येत नाही. निकाल नसेल तर फाईल आपोआप मेली. परत मागवली तर मरते, नाही मागवली तर हरते. निदान हरली तर त्याला उत्तर तरी मिळेल."

"खोट्या कागदावरचं उत्तर."

"खोट्या?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वाईट नजर नव्हती ती, दमलेली होती. "'नाही' टाईप कोणी केलं?"

"मी केलं."

"झालं तर."

फोन वाजला. त्यांनी ऐकलं, 'हो, कॅप्टन, बरं' म्हटलं आणि रिसीव्हर ठेवला.

"गार्स्टँग अकराच्या गाडीने विमानतळावर जातायत. जर्मनी. चौदा नंबर जाण्याआधी हातावेगळी करतो म्हणतात. पंधरा मिनिटांत खाली येईल."

घड्याळात दहा चाळीस झाले होते. मी वही बगलेत मारली.

"कुठं निघालात?"

"कागदात टायपिंगची चूक राहिलीय, साहेब. दुरुस्त करून येते."

लिडगेटसाहेबांनी खुर्ची खिडकीकडे वळवली. "टायपिंगच्या चुकीला माझी परवानगी लागत नाही," ते नदीला उद्देशून म्हणाले. मी दाराशी पोचले तेव्हा त्यांनी आणखी एक सांगितलं. "साक्षीदारांचं कलम वाचून गेलात ना? एकशे बारा. नसेल तर वाचून जा. रिकाम्या हाताने जाऊन फक्त त्यांचा दिवस खराब करू नका."

वाचलेलं होतं, पण गेल्या चार वर्षांत नाही. मी कपाटापाशी उभ्याउभ्याच परत वाचलं. पाच मिनिटं गेली. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर कोणीतरी धरून ठेवली होती, म्हणून जिना. पाचव्या मजल्यावर पोचले तेव्हा कॅप्टन दार अडवून उभा होता.

"मिसेस प्लमर, सर निघतायत."

"सचिवांकडून. चौदा नंबर. एक शब्द चुकलाय."

शब्द चुकणं ही या इमारतीत आगीसारखी गोष्ट होती. त्याने वाट दिली.

सर लायनेल टेबलाशी उभेच होते, ओव्हरकोट खुर्चीवर, फाईल समोर उघडी, पेनाचं टोपण निघालेलं. उंच, चपळ, जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना हसवणारा माणूस.

"या, खुर्च्यांच्या राणीसाहेब! माझ्या खुर्चीला वाळवी लागली की काय?"

"सर, सही केलीत?"

"करतोय. मुलकी साहेब नाही म्हणाले, मीही नाहीच म्हणतोय. बोटी नसताना पुरात तराफा सोडला त्याने. पोरगा गेला. दुःख आहे, पण सरळ आहे."

"पहिल्या ओळीत चूक आहे, सर."

त्यांनी वाकून बघितलं. "कुठली?"

"'नाही' हा शब्द. तो मी टाईप केलाय. तुम्ही अजून सांगितलेला नाही."

ते हसले. "मग आता सांगतो. नाही."

मी वही उघडून त्यांच्यासमोर ठेवली आणि तिच्यावर यादी. बोट ठेवायची गरज पडली नाही. त्यांनी यादी वाचली, वही वाचली, मग फाईलमधली तारीख वाचली. मग पहिल्यापासून परत. पेनाचं टोक हवेत होतं, त्यातून शाईचा थेंब कागदावर पडला.

कॅप्टन दारात. "सर, गाडी लागलीय."

"थांबू दे."

दार लागलं. खालून रस्त्यावरच्या बसचा आवाज येत होता.

"नगराध्यक्षांचा फोन होता," ते हळू म्हणाले. "पाण्याला ओढ आहे, शर्यतीत शाळेची पोरं आहेत, एखादी होडी उलटली तर वाचवायला कोणी नाही. मी म्हटलं, घेऊन जा. साठ कागदांवर सह्या केल्या असतील त्या दिवशी. सरावाचं कोणी बोललंच नाही. तिथे कोणी बुडालं नाही."

"नाही, सर."

"अपघाताचं मला नंतर कळलं. बोटी त्याच, हे मी कधी जोडून पाहिलंच नाही." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "विश्वास बसतो का तुमचा?"

"माझं काम तारखांचं आहे, सर."

"वा." त्यांनी पेन खाली ठेवलं. मग झटकन उचललं. "ठीक आहे. मी गाऱ्हाणं मान्य करतो. आत्ता, इथेच."

"दोन सह्या जुळल्या नाहीत तर प्रकरण सबंध मंडळापुढे जातं, सर. मंडळ पुढच्या बुधवारी. तो उद्या बाराला सुटतो. शिवाय संबंध असलेल्या माणसाची सही बाजूने असली तरी ती सही धरत नाहीत."

"मग मी बाजूला होतो."

"मग सही करायला जनरल उरत नाही. फाईल उद्या बाराला बंद."

"म्हणजे मी काहीही केलं तरी तो गेलाच!" त्यांचा आवाज चढला. "मग तुम्ही आलात कशाला, बाई? मला विमानात झोप लागू नये म्हणून?"

"एकशे बारा कलम, सर. चौकशीत ज्याची साक्ष लागणार आहे त्या शिपायाची निवृत्तीची तारीख चौकशी संपेपर्यंत पुढे ढकलता येते. त्याची लेखी संमती हवी आणि माणसांच्या जनरलची सही. तोवर तो नोकरीत, आणि नोकरीत असेपर्यंत त्याचं गाऱ्हाणं जिवंत."

"कुठल्या चौकशीत? चौकशी तर झाली."

"नवा कागद सापडला तर नवी होते. ती मंडळाला मागता येते..."

"बुधवारी."

"हो. नाहीतर ज्याच्या हातून तो हुकूम गेला, त्या अधिकाऱ्याला स्वतः मागता येते. कधीही."

ते खुर्चीवर बसले, ओव्हरकोटावरच. खिडकीतला उजेड त्यांच्या तोंडावर पडला होता आणि ते पहिल्यांदा मला साठीचे दिसले.

"म्हणजे माझ्याविरुद्ध मीच चौकशी मागायची."

"तुमच्या हुकमाबद्दल, सर."

"शब्द छान निवडता तुम्ही." ते वहीची पानं उलटू लागले. मला थांबवता आलं नाही. "इथे पुढच्याही तारखा असतात का? एप्रिल?"

"पेन्सिलीने असतात, सर."

सरसेनापती एप्रिलमध्ये निवृत्त होणार होते. ती खुर्ची कोणाची, हे इमारतीत लिफ्टवाल्यालाही माहीत होतं. सर लायनेलना पान सापडलं. माझ्या बारीक अक्षरात त्यांचंच नाव होतं. ते बराच वेळ तिथे बघत राहिले. अकराला दोन मिनिटं कमी होती. या माणसाने घंटा वाजवून मला बाहेर काढलं असतं, सही केली असती, तर अर्ध्या तासात माझी बदली झाली असती आणि पंधरा मिनिटांत प्रोबर्टची फाईल बंद. ते एवढंच म्हणाले असते की ही बाई उद्धट आहे. आणि ते खोटंही नसतं.

"लिडगेटला हे माहीत आहे?"

"त्यांना टायपिंगची चूक माहीत आहे."

त्यांच्या तोंडून हसल्यासारखा काहीतरी आवाज आला. मग त्यांनी कोरा कागद ओढला.

लिहायला त्यांना बारा मिनिटं लागली. दोनदा खोडलं. मधे कॅप्टन डोकावला तेव्हा मान वर न करता म्हणाले, "जर्मनीला कळव, आज नाही." कागद माझ्याकडे सरकवला. 'नऊ मार्च रोजी बचावाच्या दोन बोटी माझ्या हुकमाने सरावावरून काढून शर्यतीला देण्यात आल्या. पूर्वीच्या समितीपुढे हा हुकूम आला नाही. मी नव्या चौकशीची मागणी करतो.' खाली सही, तारीख, वेळ. अकरा बारा. फाईलच्या पुढच्या कागदावरचा माझा 'नाही' त्यांनी एका रेघेने खोडला आणि वर 'आहे' लिहिलं.

मग माणसांच्या जनरलना फोन लावला. "बर्टी? लायनेल. तुझ्याकडे एक मुदतवाढीचा कागद येतोय, प्रोबर्ट. सही कर... नाही, विचारू नकोस, कागदात सगळं आहे, वाचशील तेव्हा बसून वाच." पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं. सर लायनेल शेवटी म्हणाले, "हो रे, माहीत आहे एप्रिल," आणि फोन ठेवला.

"तो माणूस कुठे आहे? पलटणीत?"

"खाली, सर. हरकाऱ्यांच्या बाकावर. आठपासून."

हे मी सांगायला नको होतं, बहुतेक. ते उठले. "चला."

माणसांच्या जनरलची सही घेऊन हरकाऱ्याला यायला पावणेबारा झाले. तोवर सर लायनेल दुसऱ्या मजल्यावरच्या पॅसेजमध्ये येरझारा घालत होते आणि समोरून येणारा प्रत्येक जण भिंतीला चिकटून त्यांना सलाम ठोकत होता. एकदा त्यांनी मला विचारलं, "त्या पोराचं नाव काय?" मी सांगितलं. त्यांनी ते ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं.

खाली प्रोबर्ट तिथेच होता. जनरल समोर आलेला पाहून तो असा ताठ उभा राहिला की बाकच हललं.

"सार्जंट, बोटी मी काढून घेतल्या होत्या," सर लायनेल म्हणाले. सबंध दालनात ऐकू जाईल असं. "शर्यतीसाठी. हुकूम माझा होता. तुम्ही खरं बोलत होता."

टॉमलिनने उगाचच रजिस्टरात नाक खुपसलं.

प्रोबर्टच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. त्याने जनरलच्या खांद्यापलीकडे भिंतीवरच्या एका ठिपक्याकडे पाहत विचारलं, "शर्यत कोणी जिंकली, सर?"

"मला... आठवत नाही."

"बरं, सर."

मी पुढे होऊन कागद दिला. "मिस्टर प्रोबर्ट, नवी चौकशी मागितली आहे. पण त्यासाठी तुम्हाला नोकरीत राहावं लागेल. सहा महिने. आठही लागतील. ही संमती. सही नाही केलीत तर उद्या बाराला तुम्ही मोकळे, आणि शेरा आहे तसा राहील."

त्याने कागद वाचला. सावकाश, ओळीओळीवर अंगठा सरकवत.

"सोमवारी मला कामावर हजर व्हायचंय, बाई. ब्रेकन गावच्या पाणीपुरवठ्यात. बायकोच्या भावाने शब्द टाकून मिळवलेली जागा. आठ महिने कोण थांबवून ठेवतो?"

"कोणी नाही थांबवणार," सर लायनेल म्हणाले. "मी त्यांना पत्र लिहू शकतो."

"नको, सर." हे पटकन आलं. "तुमच्या पत्राने मिळालेली जागा मला नको."

जनरलच्या गालावर लाली चढली. टॉमलिनच्या मागचं घड्याळ टिकटिकत होतं. लिफ्टमधून दोन बायका हसत बाहेर आल्या आणि आम्हाला बघून गप्प झाल्या. प्रोबर्ट कागद हातात धरून उभा होता, आणि मला वाटलं, हा आता तो परत देणार. द्यायला हरकत नव्हती. बावीस वर्षं कमी नसतात. शिवाय ज्याने सांगायचं त्याने सांगितलं होतं, चारचौघांत सांगितलं होतं. दुसरा कोणी असता तर तेवढ्यावर घरी गेला असता.

"चौकशीत काय ठरलं ते त्या पोराच्या आईला कळवतात?"

"मिसेस यार्वूडना? निष्कर्ष कळवतात. पोस्टाने."

"पोस्टाने नको. तिला समोर बसवता येईल? हे साहेब बोलतील तेव्हा?"

मी सर लायनेलकडे पाहिलं. नियमात तसं काही नव्हतं. नाही असंही नव्हतं.

"मी मागणीत तेही लिहीन," ते म्हणाले.

"लिहा, सर. मी थांबतो."

त्याने मागितलं नसताना सर लायनेलनी आपलं पेन पुढे केलं. प्रोबर्टने ते पाहिलं, टॉमलिनच्या टेबलाशी गेला, तिथलं दोरीला बांधलेलं पेन उचललं आणि वाकून सही केली. कागद मला दिला. मग विचारलं, "बाई, फोन आहे का इथे कुठे? गाडीच्या वेळेआधी घरी सांगायला हवं."

टॉमलिनने दालनातल्या कोपऱ्यातली टेलिफोनची खोली दाखवली. प्रोबर्ट आत गेला. दार नीट लागत नव्हतं, म्हणून आम्हा तिघांना ऐकू आलं. "मायर? मी. नाही, वाईट नाही. तसं नाही म्हणतोय मी. उद्या येत नाहीये, एवढंच... तुझ्या भावाला, ग्विनला, सांग, जागा दुसऱ्याला दे म्हणावं." पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं. तो डोळे मिटून ऐकत होता. मग त्याने दाराकडे पाठ केली आणि वेल्शमध्ये बोलू लागला, भराभर, आणि त्यातलं मला एकच कळलं, यार्वूड हे नाव. ते तो परत परत घेत होता.